शॉर्टबुक

मेडिकल दुकानात काउंटरखाली एक वही असते, तिला आम्ही शॉर्टबुक म्हणतो. संपत आलेल्या औषधाचं नाव तिच्यात टिपायचं आणि संध्याकाळी होलसेलरचा माणूस आला की वाचून दाखवायचं. आता संगणक आपणहून यादी काढून देतो, तरी माझी वही काही सुटलेली नाही. सुरतेच्या डिंडोली भागात माझं दुकान आहे. गिऱ्हाईक निम्म्याहून जास्त आपलंच, म्हणजे अमळनेर, शिरपूर, शहादा, पारोळा इकडचं; बाकी ओडिया, उत्तर प्रदेश-बिहारकडचे आणि थोडे तेलुगू. वस्तीत काय चाललंय ते मला पेपरच्या आधी या वहीत दिसतं. ओआरएसची पाकिटं आणि मेट्रोनिडाझोल एका आठवड्यात दोनदा लिहावं लागलं, की समजायचं पिण्याच्या लाइनीत कुठेतरी गटार शिरलंय. पपईच्या पानांच्या गोळ्या मागायला लागले, की डेंग्यू आला. डॉक्टर लिहोत न लिहोत, त्या गोळ्यांवर लोकांची श्रद्धा आहे, आणि मी श्रद्धेचंही बिल फाडतो.

शहरावर कुणी रोगजंतू सोडले तर देशाची तयारी किती, हा विषय निघाला की टीव्हीवर नखशिखांत सूट चढवलेली माणसं दिसतात. रेल्वे स्टेशनावर मॉक ड्रिल चालू असतं, तंबू ठोकलेले, फवारे उडतायत. ते लागतंच, मी नाकारत नाही. पण बॉम्बचा निदान आवाज होतो. जंतू सोडणारा माणूस तीन-चार दिवस आधीच गाव सोडून गेलेला असतो, आणि सूटवाल्यांना बोलवायचं हे कुणाला सुचण्याआधी एक लूम कारागीर माझ्या काउंटरशी उभा राहून म्हणतो, "भाऊ, तापनी गोयी दे." त्याचा ताप साधा की कुणी मुद्दाम पाठवलेला, हे तोही सांगू शकत नाही आणि मीही. म्हणून तयारी मोजायची तर ती या काउंटरपासून मोजावी, असं माझं म्हणणं आहे.

हे मत माझ्याकडे पुस्तकातून आलेलं नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये मी उधन्यातल्या एका मेडिकलवर नोकरीला होतो. डी. फार्म. नुकतंच झालेलं, वडील संचावर म्हणजे लूमवर कामाला, घर भाड्याचं.

तेव्हाची सुरत आजच्या पोरांना सांगून पटत नाही. १९९१च्या जनगणनेत पंधरा लाखांच्या घरात गेलेलं शहर. कापड आणि हिरा यांच्या जोरावर माणसं येतच होती, आणि गटार, पाणी, कचरा यांची सोय कित्येक वर्षं मागे पडलेली. त्या सप्टेंबरात उकाई धरणातून पाणी सुटलं, तापी फुगली, नदीकाठच्या खोलगट वस्त्यांत पाणी शिरलं. ओसरलं तेव्हा मागे गाळ, कुजका कचरा आणि मेलेली जनावरं. त्यातच गणपती आले. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका झाल्या, आणि दोन-तीन दिवसांत वेड रोड, कतारगामकडून बातमी आली की चांगली धडधाकट माणसं ताप, खोकला, थुंकीत रक्त असं होऊन एक-दोन दिवसांत दगावतायत.

प्लेग हा शब्द नंतर आला. आधी आली ती अफवा, की पिण्याच्या पाण्यात कुणीतरी विष कालवलंय. कुणी, ते ज्याच्या-त्याच्या मनातल्या शत्रूप्रमाणे ठरत होतं. डिसेंबर १९९२च्या दंगली सुरतेला विसरायच्या होत्या अजून. म्हणजे शहराने रोग ओळखण्याआधी हल्ला झाल्याचं ठरवून टाकलं होतं. जैविक हल्ल्याबद्दल मी जे काही वाचतो, त्यात या तासा-दोन तासांच्या अवस्थेबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. मला ती जंतूइतकीच भीतीची वाटते. जंतू औषधाने तरी मरतो.

मग "टेट्रा", म्हणजे टेट्रासायक्लिन, सुरू झालं. रेस्टेक्लिन, होस्टासायक्लिन, टेरामायसिन ही नावं एरवी मोजके डॉक्टर लिहीत. त्या दिवशी लोक नाव विचारत नव्हते, डोस विचारत नव्हते. तोंडाला रुमाल बांधून काउंटरवर नोटा आपटत होते. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर घेतलं तर पोटात धड शोषलं जात नाही. आणि गुजरातेत औषध म्हटलं की आधी दुधाचा पेला येतो. लहान मुलांना दिलं तर दात कायमचे पिवळे पडतात. गरोदर बाईला देऊ नये. हे कुणाला सांगणार? एकाने सगळं पाकीट एका दिवसात संपवलं, दुसऱ्याने एक कॅप्सूल खाऊन बाकीच्या गावच्या भावासाठी जपून ठेवल्या. शेठ काठियावाडी माणूस, बोलायला तुसडा. पण त्याने नियम केला की एका घराला एकच पाकीट आणि भाव छापील. आमचा माल त्या संध्याकाळीच संपला. शेजारच्या दवाखान्याला कुलूप लागलेलं होतं.

ते एकट्याचं कुलूप नव्हतं. शहरातल्या खासगी डॉक्टरांपैकी बहुतेक जण कुटुंब घेऊन निघून गेले, हे तेव्हा देशभर छापून आलं. नव्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये निवासी डॉक्टर आणि नर्सबाई रुग्ण सांभाळत होत्या. दाखल झालेले रुग्ण पळून जाऊ नयेत म्हणून बाहेर पहारा बसवावा लागला. स्टेशनवर, बसस्टँडवर, ट्रकांच्या टपावर माणसंच माणसं. किती गेले त्याचे आकडे वेगवेगळे आहेत, पण तीन ते पाच लाख हा अंदाज सगळीकडे आढळतो. माझी आई आणि बहिणी उधन्याहून महाराष्ट्रात जाणाऱ्या तापी लाइनीच्या गाडीने अमळनेरला गेल्या. मी आणि वडील मागे राहिलो, त्यात शौर्य काही नव्हतं. गाडीत दोघांना शिरताच आलं नाही.

देशभरात मृत्यू झाले ते पन्नासहून थोडे अधिक, बहुतेक सुरतेत. या आकड्याकडे नीट पाहावं. पंधरा लाखांच्या शहरातून लाखो माणसं पळवून लावायला, आखाती देशांची विमानं बंद पाडायला, परदेशांतून भारतीय मालाच्या ऑर्डरी रद्द व्हायला पन्नास-पंचावन्न मृत्यू पुरले. कुणा शत्रूला हेच साधायचं असतं, तर त्याने खर्च किती केला असता याचा हिशेब करून पाहा.

आता तो प्रश्न. १९९४ची साथ कुणी मुद्दाम आणली होती का? परकीय हाताची कुजबूज पुढे बराच काळ चालली; आजही लग्नाच्या पंगतीत एखादा सेवानिवृत्त गृहस्थ आवाज खाली करून सांगतोच. पुरावा मात्र दुसऱ्या बाजूला जातो. सुरतेच्या काही आठवडे आधी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग दिसला होता. त्याआधीच्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झालेला. भिंती तडकलेली घरं सोडून माणसं बाहेर पत्र्याच्या आडोशाला राहायला गेली, धान्य आत राहिलं, उंदीर माजले, आणि रानातल्या उंदरांतला जुना रोग घरच्या उंदरांत आला, अशी त्याची उपपत्ती तज्ज्ञांनी मांडली. मामला आणि सुरत यांना जोडणारा दुवा पक्का झालेला नाही. तो प्लेग होता की नाही यावरच आधी वाद रंगला, कारण प्रयोगशाळेतली खात्री व्हायला वेळ लागला. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने प्लेगच होता असा निष्कर्ष दिला. पुढे २००० साली हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्या वेळच्या नमुन्यांतल्या जंतूची जनुकीय ओळख पटवून तो यर्सिनिया पेस्टिस असल्याचं प्रसिद्ध केलं. सहा वर्षं. आपल्या शहरात काय झालं होतं ते नीट कळायला लागलेला हा वेळ मला मृत्यूंच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

पण संशय घेणाऱ्यांना मी सरसकट वेड्यात काढणार नाही. प्लेगचा हत्यार म्हणून वापर खरोखर झालेला आहे. ऑक्टोबर १९४० मध्ये जपानी सैन्याने चीनच्या निंग्बो शहरावर विमानातून गव्हाचे दाणे आणि प्लेगच्या पिसवा टाकल्या. त्यामागे युनिट ७३१ हे कुप्रसिद्ध पथक होतं. आणि घरचंच उदाहरण हवं असेल तर नोव्हेंबर १९३३ मधलं हावडा स्टेशन. पाकूरच्या जमीनदार घराण्यातल्या अमरेंद्र पांडे या तरुणाला गर्दीत कुणीतरी सुई टोचली, काही दिवसांतच तो प्लेगने मेला. इस्टेटीसाठी सावत्र भावाने एका डॉक्टरच्या मदतीने हा खून केला, आणि त्यासाठीच्या जंतूंचा माग मुंबईपर्यंत गेला. कोर्टात खून सिद्धही झाला.

मला मात्र सगळ्यात जास्त शिकवून गेलेली गोष्ट अमेरिकेतली आहे, आणि तिचे धागे पुण्यात आणि बडोद्यात निघतात. भगवान रजनीश १९८१ साली कोरेगाव पार्कातला आश्रम सोडून अमेरिकेत गेले, ऑरेगन राज्यात त्यांच्या अनुयायांनी वसाहत उभारली. कारभार मा आनंद शीला यांच्या हाती. मूळच्या बडोद्याच्या पटेल. स्थानिक निवडणुकीत विरोधी मतदार आजारी पडून घरी राहावेत म्हणून या मंडळींनी १९८४च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात द डॅल्स नावाच्या गावातल्या दहा हॉटेलांच्या सॅलडमध्ये सालमोनेलाचे जंतू मिसळले. ७५१ माणसं आजारी पडली, सुदैवाने कुणी मेलं नाही. आरोग्य खात्याने तपास केला, नमुने घेतले, आणि निष्कर्ष काढला की हॉटेलातल्या कामगारांनी हात नीट धुतले नसावेत. वर्षभर तसंच कागदोपत्री राहिलं. १९८५ मध्ये शीला निघून गेल्या, रजनीशांनीच जाहीर आरोप केले, मग वसाहतीतल्या प्रयोगशाळेत तोच जंतू सापडला. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशाच्या यंत्रणेने हल्ल्याला अस्वच्छता म्हटलं.

उलट बाजूही आहे: कधी यंत्रणेला सगळं ठाऊक असतं आणि तीच लपवते. एप्रिल १९७९ मध्ये रशियातल्या स्वेर्दलोव्स्क शहरात सैनिकी कारखान्यातून अँथ्रॅक्स हवेत सुटला, निदान ६६ माणसं मेली, आणि सरकार तेरा वर्षं सांगत राहिलं की लोकांनी खराब मांस खाल्लं. १९९२ मध्ये येल्त्सिन यांनी कबुली दिली. भारताने जैविक शस्त्रबंदीचा करार १९७४ मध्येच मंजूर केलेला आहे, त्याचा अभिमान वाटतो. पण सोव्हिएत संघानेही त्यावर सही केली होती. या करारात एकमेकांची तपासणी करण्याची तरतूद नाही.

तेव्हा पहिल्या आठवड्यात हल्ला आणि साथ एकाच तोंडवळ्याचे असतात. उपचार तेच, अलग ठेवणं तेच, संपर्कातली माणसं शोधणं तेच. गुन्हा कुणाचा हे पोलीस नंतर पाहतील. सवाल एवढाच उरतो की घंटा कोण वाजवतं आणि किती लवकर.

याचा इतिहास पाहिला तर घंटा बहुतेक वेळा अगदी साध्या जागेवरून वाजलेली आहे. मुंबईत १८९६ साली मांडवी भागात प्लेग ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस या खासगी वैद्यकी करणाऱ्या गोवेकर डॉक्टरने. अमेरिकेत २००१ मध्ये अँथ्रॅक्सची पत्रं गेली, २२ जणांना लागण झाली, ५ मेले. तिथे पहिला संशय फ्लोरिडातल्या डॉ. लॅरी बुश यांना आला, पाठीच्या कण्यातल्या पाण्यात सूक्ष्मदर्शकाखाली नको ते जंतू दिसले म्हणून. (तपास यंत्रणेच्या मते ती पत्रं पाठवणारा त्यांच्याच सैनिकी प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ होता. तेव्हा आपल्याकडेही पांढऱ्या पावडरीच्या पाकिटांनी पोस्टमनांची झोप उडवली, आणि अमेरिकेत ज्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनसाठी रांगा लागल्या ते आमच्या काउंटरवर जुलाबाला चिल्लर पैशांत जात होतं.) केरळात मे २०१८ मध्ये कोळिकोडच्या एका खासगी रुग्णालयातल्या डॉक्टरांना एकाच घरातला दुसरा रुग्ण पाहून शंका आली, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने निपाहवर शिक्कामोर्तब केलं. तो घरातला दुसराच रुग्ण होता, विसावा नव्हे, म्हणून साथ आवरली.

आणि माझ्या धंद्यातली दोन उदाहरणं मी कुणालाही ऐकवतो. १९८१ मध्ये अमेरिकेच्या साथरोग केंद्रात औषध पाठवण्याचं काम करणाऱ्या सँड्रा फोर्ड या बाईंच्या लक्षात आलं की पेंटामिडिन या क्वचित लागणाऱ्या औषधाची मागणी विनाकारण वाढलीय. एड्सची चाहूल लागली त्यात या निरीक्षणाचा वाटा होता. दुसरं १९९३ मधलं मिलवॉकी. पिण्याच्या पाण्यातून परजीवी पसरला, चार लाखांवर लोकांना जुलाब झाले असा अंदाज निघाला. नळाला दोष आहे हे सरकारी माणसांना कळण्याच्या सुमारास औषधाच्या दुकानांतून जुलाबाची औषधं साफ संपलेली होती. शॉर्टबुक तिथेही बोलत होतं.

आपल्याकडे यासाठी काय आहे? २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालतो, आणि त्याचा पाया तीन फॉर्म आहेत. एस फॉर्म घरोघर फिरणारा आरोग्य कर्मचारी नुसत्या लक्षणांवरून भरतो, पी फॉर्म डॉक्टर निदानाच्या अंदाजावरून भरतो, एल फॉर्म प्रयोगशाळा भरते. पूर्वी हे कागद आठवड्याला वर सरकत. २०२१ पासून इंटिग्रेटेड हेल्थ इन्फर्मेशन प्लॅटफॉर्मवर माहिती त्याच दिवशी चढवता येते. रचना चांगली आहे. गोम इतकीच, की आमच्या भागातला माणूस तापात पहिल्या दिवशी सरकारी केंद्रात जात नाही, कारण तिथे गेलं की संचाची पाळी बुडते. तो आधी माझ्याकडे येतो, मग नाक्यावरच्या डॉक्टरकडे, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी, जमलंच तर, मोठ्या दवाखान्यात. फुप्फुसाच्या प्लेगमध्ये लक्षणं दिसल्यापासून चोवीस तासांत योग्य प्रतिजैविक सुरू झालं नाही तर माणूस वाचणं अवघड. तिसरा दिवस हा उशिराचा दिवस आहे.

केमिस्टला एस, पी, एल या तिन्ही अक्षरांत जागा नाही. २०१४ पासून शेड्यूल एच-१ खाली काही प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद, रुग्णाच्या आणि डॉक्टरच्या नावानिशी, आम्ही ठेवतो आणि तीन वर्षं जपतो; औषध निरीक्षक आला तर दाखवतो. क्षयाच्या औषधांची माहिती २०१८ पासून कळवणं बंधनकारक आहे. म्हणजे सवय आहे, रजिस्टर आहे, संगणकही आहे. डॉक्सीसायक्लिन, जुलाबाची औषधं, खोकल्याची सिरप, पॅरासिटामॉल असे पाच-सात आकडे रोज संध्याकाळी वॉर्डाच्या आरोग्य केंद्राकडे गेले तर खर्च एका मेसेजचा आहे. आमच्या वस्तीत डासांच्या अळ्या तपासायला पालिकेची एक पोरगी येते, हुशार आहे, कुंड्यांच्या तबकड्या उलट्या करून पाहते. तिला मी एकदा आठवड्याचे आकडे लिहून दिले. तिने वाचले, मान डोलावली, आणि विचारलं, "काका, हे कुठल्या रकान्यात भरू?"

सुरतेला दोष देणं मात्र अन्यायाचं होईल, कारण रोजच्या कामाने साथ कशी रोखायची हे या शहराइतकं थोड्या शहरांनी शिकलंय. मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांच्याबद्दल दंतकथा पुष्कळ आहेत, पण मुळातलं काम कंटाळवाणं होतं आणि म्हणूनच ते टिकलं. शहराचे सहा झोन पाडले, प्रत्येक झोनला अधिकार असलेला अधिकारी बसवला, आणि सगळ्या वरिष्ठांना सकाळचे तास रस्त्यावर काढायला लावले. "एसी टू डीसी" ही घोषणा तेव्हाची. एसी म्हणजे थंडगार केबिन, डीसी म्हणजे डेली चोअर्स, रोजची कामं. रात्रीची झाडलोट सुरू झाली, कचरा टाकणाऱ्या हॉटेलांना जागेवर दंड झाला, बड्यांची बेकायदा बांधकामं पडली तेव्हा गरिबांना पहिल्यांदा वाटलं की बुलडोझरला आपल्याखेरीज दुसऱ्यांचाही पत्ता माहीत आहे. दोन वर्षांच्या आत इनटॅक या संस्थेने सुरतेला चंदीगडच्या खालोखाल देशातलं दुसरं स्वच्छ शहर म्हटलं. २०२३च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर पहिला नंबर आला. नंबरांचं मला फारसं कौतुक नाही, सर्वेक्षणाच्या महिन्यात भिंती रंगतात हे आम्ही पाहतो. पण प्लेगनंतर दवाखान्यांकडून रोज तापाचे, जुलाबाचे रुग्ण मोजायची शिस्त पालिकेने लावून घेतली, तिचं कौतुक आहे. ऑगस्ट २००६ मध्ये तापीने जवळजवळ सगळं शहर बुडवलं, १९९४पेक्षा कितीतरी मोठा पूर. गाळ तोच, मेलेली जनावरं तशीच. शहरात त्या मानाने मोठी साथ उठली नाही, कारण पाणी ओसरताच गाळ उचलणारी, क्लोरीन टाकणारी, घरोघर ताप विचारणारी माणसं रस्त्यावर होती आणि त्यांना काय करायचं ते पाठ होतं. मी त्याला संरक्षण खात्याचं काम म्हणतो. सैन्यात असलेला माझा जावई हसतो.

वरच्या पातळीवरची यादी थोडक्यात सांगतो. पुण्यात विषाणू संस्थेची सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा २०१२च्या अखेरीपासून आहे. ग्वाल्हेरला डीआरडीओची संस्था अशा जंतूंच्या शोधाचं तंत्र विकसित करते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जैविक आपत्तीची मार्गदर्शक तत्त्वं २००८ मध्ये छापली. एनडीआरएफची ठाणी आमच्यापासून जवळची म्हणजे वडोदऱ्याजवळ जरोदला आणि पुण्याजवळ सुदुंबऱ्याला. कायदा मात्र १८९७चाच, मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या घाईत केलेला. याच कायद्याच्या वर्षात पुण्यात प्लेग अधिकारी रँडचा खून झाला आणि याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. जैविक दहशतवादाचं नाव घेणारा नवा मसुदा २०१७ मध्ये केंद्राने मांडला होता, तो कायदा झाला नाही. २०२० मध्ये जुन्यालाच दुरुस्ती जोडली, डॉक्टर-नर्सवर हात टाकणाऱ्यांना शिक्षा वाढवली. ती गरजेची होती. पण पहिल्या रात्री खासगी दवाखाना उघडा ठेवणाऱ्याला मास्क, औषध आणि घरच्यांची काळजी कोण पुरवणार, याचं उत्तर शिक्षेच्या कलमात सापडणार नाही. १९९४ मध्ये जे गेले ते सगळे भित्रे नव्हते. त्यांना काय हाताळतोय ते कुणी सांगितलं नव्हतं, हातमोजे नव्हते, मुलं घरात होती.

औषध कमी पडण्याचं मला इतकं भय वाटत नाही. प्लेगवर, अँथ्रॅक्सवर चालणारी डॉक्सीसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, जेंटामायसिन ही सगळी आपल्याच देशात बनतात आणि स्वस्त आहेत. चौऱ्याण्णवमध्ये टंचाई कारखान्यात नव्हती, काउंटरवर होती. साठा कुठल्या गोदामात आहे आणि रात्री दोन वाजता त्याची किल्ली कुणाकडे आहे, एवढं आमच्या केमिस्ट संघटनेला आधी माहीत असलं तरी निम्मं काम होईल.

राहिली माणसं पळण्याची गोष्ट. १९९४ मध्ये पळालेल्यांनी प्लेग गावोगाव नेला नाही, हे नशीब म्हणा किंवा त्या वेड्यावाकड्या टेट्राचा परिणाम म्हणा. पुढच्या वेळचा जंतू इतका दयाळू असेलच असं नाही. सुरतेची निम्मी तयारी त्यामुळे सुरतेत करून भागत नाही. उधन्याहून सुटलेली गाडी नवापूरला महाराष्ट्रात शिरते, आणि इथली साथ असो वा हल्ला, त्याचे रुग्ण नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव इथल्या डॉक्टरांच्या बाकड्यावर बसलेले असतील. त्या डॉक्टरला "सुरतेहून कधी आलात?" हा प्रश्न सुचला पाहिजे, आणि त्याच्या उत्तराचा फोन दुसऱ्या राज्यातल्या पालिकेत कुणीतरी उचलला पाहिजे. दोन राज्यांच्या जिल्ह्यांनी मिळून असा सराव करायला काय हरकत आहे? मॉक ड्रिल करायचंच तर एकदा तापी लाइनीवर करा.

आणि पळायचं की थांबायचं हे माणूस कशावरून ठरवतो? त्याला कळेल अशा भाषेत कुणी काही सांगितलंय का, यावरून. चौऱ्याण्णवमध्ये रिक्षावरचा भोंगा गुजरातीत सूचना देत फिरत होता. आमचे लोक अर्धं समजून घेत होते, ओडिया कारागीर एकमेकांकडे बघत होते, आणि मग सगळे मिळून स्टेशनाकडे चालू लागत होते. २०२० मध्येही सूचनांचा पूर आला, मोबाइलवर, ॲपवर. तरी एप्रिलमध्ये कारागीर गावी जाऊ द्या म्हणून रस्त्यावर उतरले आणि मे महिन्यात सुरतेहून ओडिशाला श्रमिक गाड्या सोडाव्या लागल्या. त्यात पोटाचा प्रश्न मोठा होता, मान्य. पण रेशन कुठे मिळेल हेसुद्धा कुणीतरी त्यांच्या भाषेत सांगायला हवं होतं. यासाठी नवा विभाग काढायची गरज नाही. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत चालतात. प्लेग, अँथ्रॅक्स, दूषित पाणी, यांपैकी प्रत्येकासाठी दहा ओळींची सूचना आत्ताच लिहून, त्या शाळांतल्या शिक्षकांकडून सातही भाषांत करून, छापून कपाटात ठेवता येईल. कॅप्सूल दुधाबरोबर घेऊ नका, ही ओळ सगळ्यात वर टाका.